रुमालाखालचा भाव

तमाम लहानथोरांस, विशेषतः लातूरच्या आडत बाजारातले व्यापारी, हमाल, मापाडी आणि चहावाले यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, उदगीर जिल्हा अद्याप झालेला नाही. किनवटही झालेला नाही. नव्या जिल्ह्यांची यादी पुन्हा एकदा निघाली, फिरली, टपरीवर मोठ्यानं वाचली गेली आणि संध्याकाळपर्यंत खोटी ठरली. तेव्हा दाजी, तुम्ही गेल्यापासून इथं तुमचं काहीही चुकलेलं नाही. निवांत बसा.

बसा म्हणतो, कारण तुम्ही बसलेलेच आहात. आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं करून पाठवत नाहीत. मांडी घालून, आडतीच्या गादीवर बसल्यासारखं बसवून पाठवतात. तुम्हाला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. माती ओली आहे तोवर लिहावं म्हटलं असतं, पण या दुष्काळात ती लोटली तेव्हाच कोरडी ठणठणीत होती.

घोषणा आधी केली, कारण तुम्ही आधी हेच विचारलं असतं. आणि दुसरं कारण असं, की मला सवय आहे. मंडप आणि माइकच्या धंद्यात माझी हयात गेली. नांदेडात कुठल्याही लग्नात नवरानवरीच्या आधी माझा आवाज पोचतो. पण तुमच्याबद्दल दोन शब्द बोला म्हणून लोकांनी माइक पुढं केला, तेव्हा मी तो शेजारच्याला दिला. जन्म उदगीरचा, आडत लातूरची, तुरीच्या व्यापारात वजन, हे सगळं त्यानं बोलून टाकलं. मला ते बोलायचं नव्हतं. मला तुमच्याशी बोलायचंय. आणि खरं सांगू का, मला भीती वाटून राहिलीय. ती सांगायला मला दाजीशिवाय दुसरं माणूस नाही.

सुरुवात कानापासून करतो.

तुमच्या लग्नात कानपिळीला मला पुढं ढकललं. नवरीचा धाकटा भाऊ मीच. आईनं बजावलं होतं, जोरात पिळ आणि काहीतरी चांगलं कबूल करून घे. मी हाताला आला तो कान धरला. लग्न लावणारे स्वामी ओरडले, “अरे उजवा, उजवा. डावा नसतो पिळायचा.” तुम्ही मान तशीच वाकडी ठेवून म्हणालात, “पिळू द्या स्वामी. दोन्ही माझेच हायत.” मग मला विचारलंत, “काय पाहिजे मेव्हण्या?”

मी म्हणालो, “लातूरला नेऊन सिनेमे दाखवा.”

“किती?”

मी तोंड उघडलं तर तुम्ही त्यावर पंजा ठेवलात. “तोंडानं न्हाई सांगायचं. तोंडानं सांगितलेला भाव सगळ्या मांडवाला कळतो.” आणि माझा हात तुमच्या उपरण्याखाली ओढून घेतलात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा दाबला की पाच. दहा की शंभर, ते दोघांनी समजून घ्यायचं. मी पंजा दाबला. तुम्ही दोन बोटं धरलीत. मी पुन्हा पंजा. वर तुम्ही पाहुण्यांना हसून नमस्कार करत होतात आणि खाली माझी बोटं चेपत होतात. शेवटी सौदा तीनवर पटला.

पुढं कळलं की याला हत्ता म्हणतात. तुमच्या वडिलांच्या काळात सगळा बाजार असाच चालायचा, रुमालाखाली हात घालून. नंतर ती पद्धत बंद झाली, भाव उघड्यावर पुकारायला लागले. तुम्हीही चारचौघांत उघड्यावर पुकारत होता. पण आपल्या दोघांत रुमाल कधी बंद पडला नाही. तीनपैकी दोन सिनेमे तुम्ही दाखवलेत. तिसऱ्याच्या वेळी अवकाळी पाऊस आला आणि तुम्ही बाजारातली तूर झाकायला पळालात. तो तिसरा राहिला.

किती खोड्या केल्या आपण त्या रुमालाखाली. साखरपुड्यात भाषण लांबलं की हा अजून किती घोळ घालणार यावर बोली लागायची. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून धरणं धरलं होतं, तेव्हा तुम्ही मंडपात पुढाऱ्याशेजारी बसला होता आणि मी माइक नीट करायच्या निमित्तानं तुमच्या मांडीला मांडी लावून. पुढारी म्हणाला, हा अफाट जनसागर. तुम्ही चेहरा गंभीर ठेवून रुमालाखाली मला आकडा दिलात, यातले जेवण झाल्यावर किती उरतील त्याचा. मला हसू आवरेना. माइक चालू होता.

आणि आपलं ते भांडण. तुमचं उदगीर की माझं किनवट. तुम्ही म्हणायचात, “जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतो. दवाखाना आला की डॉक्टर येतात. किनवटला काय येणार? अस्वल?” मी म्हणायचो, “किनवटच्या माणसाला नांदेड गाठेपर्यंत दुखणं बरं तरी होतं न्हाईतर माणूस तरी जातो. तुमचं लातूर नवा जिल्हा झालं तेव्हा पेढे वाटलेत ना? आता एका घरात किती जिल्हे पाहिजेत?” अक्का भाकरी टाकता टाकता म्हणायची, “दोघांला एकेक जिल्हा द्या कुणीतरी आणि माझ्या सैपाकघरातनं बाहेर काढा.”

या दुष्काळात मी लातूरला यायचो ते पाण्याचे कॅन घेऊन. लोक बहिणीच्या घरी मिठाई नेतात. मी गाडीची मागची सीट काढून कॅन भरायचो. नांदेडला गोदावरीत तेव्हाही थोडं होतं. तुम्ही दारात उभे राहून वरात यावी तसं स्वागत करायचात. अशाच एका खेपेला, कॅन उतरवताना, तुम्ही सहज म्हणालात, “बाळू, परवा गादीवर बसलो होतो आन डाव्या डोळ्याचं शटर खाली आलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे शटर. वरून खाली, निम्म्यापर्यंत. गिऱ्हाईकाचे पाय दिसून राहिले, तोंड न्हाई. मग आपोआप वर गेलं.”

तुम्ही हसत होता म्हणून मीही हसलो. अक्का हसली नाही. ती म्हणाली, “आन काल जीभ अडकली ती सांगा की. कढी मागायला गेले तर काय बोलले ते देवालाच ठाऊक.”

लातूरच्या डॉक्टरांनी तुमच्या मानेला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग तपासणी झाली. डोक्याला रक्त नेणारी डावीकडची मोठी धमनी आतून चोंदली होती, थोडीशी फट उरली होती. शटर पडलं, जीभ अडकली, त्या मोठ्या लकव्याच्या आधीच्या ठोकरा होत्या. ऑपरेशन करून ती साफ करायची आणि फार थांबायचं नाही. पण त्या दवाखान्यात पाणी टँकरनं येत होतं आणि मोठी ऑपरेशनं बाहेर पाठवत होते. मी म्हणालो, नांदेडला चला. तुम्ही भुवया वर केल्यात. “म्हणजे तुझ्या जिल्ह्यात येऊन गळा कापून घेऊ?”

डावी धमनी. मी पिळला त्या कानाच्या खालची. हे तुम्हालाही सुचलं होतं. गाडीत बसताना तुम्ही कान चोळत म्हणालात, “स्वामी सांगत होते, डावा नसतो पिळायचा.” अक्कानं तुम्हाला दटावलं आणि मी मुरुडपासून, लातूर मागं पडेपर्यंत—

नाही, मुरुड त्या वाटेवर नाही. बघा, आता तुम्ही असता तर लगेच पकडलं असतं. नांदेडच्या रस्त्याला मुरुड कुठनं आलं मेव्हण्या. भीती लिहायला बसलं की रस्ते चुकतात. एवढंच सांगायचं होतं की त्या प्रवासात मी एक अक्षर बोललो नाही. माझ्या बाबतीत ही मोठी बातमी आहे.

नांदेडच्या सर्जनबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर धमनीचं चित्र काढलं, त्यात गाळ दाखवला आणि काय करणार ते समजावलं. मान उघडायची, धमनी चिरायची, गाळ खरवडून काढायचा, शिवायची. धोका हा, की त्या गाळाचा एखादा कण सुटून वर मेंदूत जाईल, तेव्हाच किंवा नंतरच्या दिवसांत. न केलं तर धोका त्याहून मोठा. मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढं ओढला. “यांचा सीआरपी वाढलेला आहे. शरीरात कुठं दाह असला की यकृत हा पदार्थ जास्त बनवतं. पांढऱ्या पेशींचं प्रमाणही थोडं बिघडलंय. कधीकधी याचा अर्थ असा असतो की धमनीतला गाळ नुसता बसलेला नाही, धुमसतोय. अशा पेशंटना ऑपरेशननंतर त्रास होण्याची शक्यता जरा जास्त दिसते.”

मी विचारलं, “मग करायचं का नाही?”

“नुसत्या या आकड्यावरून ठरवता येत नाही. दातात पू असला, सर्दी झाली, तरी हा वाढतो. धूर दिसतो, जळतंय कुठं ते दिसत नाही.”

तुम्ही खुर्चीत पुढं सरकलात. “म्हणजे वानगी म्हणा की.” त्यांना कळलं नाही. तुम्ही समजावलंत, पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर धान्य काढतात, ते हातावर घेऊन सगळ्या ढिगाचा भाव करतात, ती वानगी. “आन पोतं भरणारा हुशार असला की नळी जाती तिथं चांगला माल भरतो.”

बाई हसल्या. “बरोबर आहे. म्हणून आम्ही एकदाच काढत नाही. रोज काढतो, आणि पेशंटकडेही बघतो.”

तुम्हा दोघांना मूलबाळ नाही, म्हणून अक्काच्या सहीखाली माझी सही झाली. दाजी, सही करणारा हात तोच, इतकी वर्षं तुमच्या रुमालाखाली घातलेला हात. बाहेर आल्यावर अक्कानं मला कोपऱ्यात घेतलं. “ह्यांना आकडा सांगायचा न्हाई. आकडा कानावर पडला की ह्यांचं डोकं बाजार होतं. रक्तदाब चढंल. शप्पथ घे, तोंडातनं काढणार न्हाई म्हणून.”

मी शपथ घेतली. तोंडातनं काढणार नाही.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ अक्का गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसली होती. मी फेऱ्या मारत होतो आणि येईल त्याला विनोद सांगत होतो. एका वॉर्डबॉयनं मला विचारलं, तुमच्याकडं आनंदाची बातमी आहे का. मी असाच आहे, तुम्हाला माहीत आहे. मला जितकी भीती, तितकं तोंड चालतं.

तुम्ही बाहेर आलात. बाई म्हणाल्या, व्यवस्थित झालं, हातपाय हलवतात, सगळं समजतंय. आवाज मात्र घोगरा झाला होता, नुसती हवा निघत होती. तोंडाचा उजवा कोपरा ठीक, डावा जरासा ओघळलेला. त्यांनी सांगितलं, मानेतल्या नसा बाजूला ओढाव्या लागतात, त्या दुखावतात, हळूहळू सुधारेल. तोवर बोलायचं नाही, आवाजाला विश्रांती. मी अक्काला म्हणालो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुझं चालणार या घरात. ती हसली, आणि लगेच पदरानं डोळे पुसले.

आता तुमचा स्वभाव. पहिल्या सकाळी रक्त काढून नेलं, रिपोर्ट आला, मी तो बघून खिशात घातला. तुम्ही माझ्याकडं बघत होता. भुवया वर. भाव काय निघाला? मी अक्काकडं बघितलं. ती खिडकीत कपडे वाळत घालत होती. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल मांडीवर टाकलात आणि त्याच्याखाली हात सरकवून वाट बघत बसलात.

शपथ तोंडाची होती. मी हात घातला.

आकडा बराच वाढला होता. बाईंनी आधीच सांगितलं होतं, चिरफाड झाली की तो चढणारच, दोनतीन दिवस चढेल, मग उतरायला पाहिजे. उतरला नाही किंवा उतरून पुन्हा चढला, तर बघावं लागेल. मी पंजा दाबला, वर एक बोट धरलं. साठ. तुम्ही ओठ मुडपलेत आणि माझी तीन बोटं धरलीत. तीस. घासाघीस. आपल्या रक्तातल्या आकड्याची घासाघीस करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी पुन्हा साठ दिलं. तुम्ही पुन्हा तीस. मी डोळे मोठे केले. तुम्ही मान हलवून सुस्कारा सोडलात, जसं काही व्यापारी लबाड आहे, पण माल घ्यावा लागणार.

दुसऱ्या सकाळी आकडा आणखी चढला. बाई म्हणाल्या, अपेक्षेप्रमाणं आहे. मला अपेक्षेप्रमाणं या शब्दाची भीती वाटायला लागली. टॉवेलखाली तुम्ही निम्म्यावर आलात. बोटं कशी होती तुमची त्या दिवशी! माझं हाड दुखेपर्यंत दाबलंत. तुरीच्या तेजीत दाबायचात तशी. मी मनात म्हणालो, दाबा दाजी, आणखी दाबा.

मग उतरायला लागला. एकदा उतरला, पुन्हा उतरला. खोलीत हवा बदलली. अक्का खाली जाऊन पहिल्यांदा पोटभर जेवून आली. तुम्ही खाणाखुणा करून विचारलंत, जिल्ह्याचं काय झालं. मी पेपर दाखवला, त्यात उदगीरचं नाव होतं आणि किनवटचं नव्हतं. तुम्ही उशीवर डोकं टेकून असे काही विजयी दिसलात की नर्स म्हणाली, आजोबा आज खूश आहेत. घरी सोडायची भाषा सुरू झाली होती.

आता ती सकाळ.

रिपोर्ट आला तेव्हा मी जिन्यातच उघडून बघितला आणि दोन पायऱ्या उड्या मारत वर आलो. आकडा इतका खाली आला होता की घासाघीस करायला काही उरलं नव्हतं. तुम्ही पलंगावर टेकून बसला होता. मी टॉवेल घातला, हात सरकवला आणि तुमची दोन बोटं धरली. वीस. माझ्या चेहऱ्यावर सगळे दिवे लागलेले असणार. तुमचा हात माझ्या हातात होता. तुम्ही बोट धरलं नाहीत. मग एका बोटाला काहीतरी लागल्यासारखं झालं, ओझरतं, निसटतं. मी म्हणालो, “एक? दहा? दाजी, आता तरी लाजा जराशी. वीस लई चांगला भाव हाय.”

मी हसत होतो. मी अक्काला मोठ्यानं म्हणालो, “हे बघ, वीसला दहा मागून राहिलेत.” शपथबिपथ सगळी विसरून. तुम्ही माझ्याकडं बघत होता आणि तुमच्या कपाळावर आठी होती. मला वाटलं, नाटक. तुम्ही नेहमीच नाटक करायचात.

अक्का कपडे तसेच टाकून पलंगाजवळ आली. तिनं टॉवेलकडं बघितलं. तुमच्या तोंडाकडं नाही, टॉवेलकडं. “बाळू,” ती म्हणाली, “रुमाल का हालंना?”

“आं?”

“रोज ह्यांचा हात चालला की रुमाल हालतो. आज तुझ्याच बाजूला हालून राहिलाय.”

तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुमच्या घरात येऊन तिची उमर गेली, तिला टॉवेलखाली काय चाललंय ते कळणार नाही? आपण दोघं तिच्यापासून लपवत होतो आणि ती खिडकीतून, कपडे वाळत घालता घालता, टॉवेल हालतो का एवढंच रोज बघत होती. तो हालला की तिचा दिवस जायचा.

तिनं टॉवेल ओढून काढला. माझ्या मुठीत तुमचा हात होता, ओल्या कणकेसारखा. मी सोडला तर तो घरंगळला. आणि तुम्ही त्याच्याकडं असं बघितलंत, दाजी, जसं कुणी दुसऱ्याचं पोतं चुकून आपल्या दारात टाकून गेलंय.

मी नंतर पुष्कळ विचार केला. लकवा आला तर काय दिसतं? बोलणं बिघडतं. तुम्हाला बोलायला बंदीच होती. तोंड वाकडं होतं. ते आधीच जरा ओघळलेलं होतं. आकडा? आकडा तर कधी नव्हता इतका चांगला होता. सगळ्या दारांना आधीच कुलूप होतं, एक हात तेवढा उघडा होता, आणि त्या हाताची सवयच अशी, की भाव पाडून मागायचा. मी दिलं त्याच्या निम्मं आलं आणि मी ते खरं मानलं. बाईंनी नंतर मला खुर्चीत बसवून सांगितलं, “तुम्ही उशीर केला नाही. क्षणभराचा फरक होता. तुमच्या बहिणीचं लक्ष होतं, नाहीतर आम्हाला राउंडपर्यंत कळलं नसतं.” त्यांनी धावाधाव केली, स्कॅन केलं, पुन्हा आत नेलं, जे करता येतं ते सगळं केलं. मी त्यांच्यावर एका शब्दाचा राग धरला नाही. आकड्यावरही नाही. तो काय खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं होतं धुराबद्दल, त्यानं धूर कमी झाल्याचं सांगितलं.

उजवी बाजू गेली. गिळता येईना. मग छातीत कफ भरला, ताप चढला आणि आकडा पुन्हा वर निघाला. या वेळी तो साठावर थांबला नाही. रिपोर्ट येत होते, मी बघत होतो, आणि टॉवेल पायथ्याशी घडी करून ठेवलेला होता. मला त्या घडीची भीती वाटायची. अक्का म्हणायची, “सांग की त्यांना. बसलेत वाट बघत.” मी म्हणायचो, “कोणत्या हाताला सांगू?”

शेवटी तिनंच तो उलगडून तुमच्या डाव्या हातावर टाकला. मी हात घातला. आपल्यात डाव्या हाताचा सौदा कधी झाला नव्हता. मी आकडा दिला नाही, खोटं सांगता येईना आणि खरं सांगवेना. नुसता हात धरून बसलो. आणि मग तुम्ही माझी बोटं चाचपलीत, एकेक करून, आंधळा माणूस दार शोधतो तशी, आणि तीन धरलीत. घट्ट. टॉवेल हालला. अक्कानं बघितलं.

तीन काय, दाजी? तीस मागत होता? तीन दिवस? तीन जणांची काळजी? की तो तिसरा सिनेमा? मी विचारलं, “तीन काय?” तुम्ही डोळे मिटलेत आणि बोटं तशीच धरून ठेवलीत. मी पुन्हा पुन्हा विचारलं. अक्का म्हणाली, “साकू रे बाळू.” पुरे. तुमच्या उदगिराकडची कानडी ती फक्त तुमच्याशी बोलायची. त्या दिवशी माझ्याशी बोलली, तेव्हा मला कळलं की ती तयारीला लागलीय.

मला अजून सौदा कळलेला नाही. तुम्ही भाव सांगून गेलात आणि माल कुठला ते सांगितलं नाहीत.

आता माझी भीती ऐका, मग सोडतो. मला हात मिळवायची भीती वाटते. लग्नात लोक येतात, हात पुढं करतात, आणि मी माइक खाली ठेवून त्यांची पकड मोजतो. कुणाची सैल लागली की पुन्हा धरून बघतो. सकाळी उठल्यावर बायकोला म्हणतो, दाब. ती म्हणते, काय दाबू, मला चहा ठेवायचाय. मी म्हणतो, आधी दाब. उशीवर डावा कान टेकला की मानेतलं रक्त ऐकू येतं आणि मी ऐकत राहतो, त्यात कुठं अडखळतंय का. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला काही झालेलं नाही. मी म्हणतो, वानगी चांगली आली असेल.

आणि उपकार म्हणाल तर तेही सांगतो, कारण पुन्हा सांगायचं धाडस होणार नाही. मला बोलायला सगळ्यांनी शिकवलं. गप्प बसून दुसऱ्याशी बोलायला एकट्या तुम्ही शिकवलंत.

तुम्हाला लातूरला आणलं तेव्हा मी नेहमीसारखे कॅन भरून घेतले होते. त्याच पाण्यानं तुम्हाला अंघोळ घातली. किनवटकराच्या हातचं पाणी, तुम्ही काहीतरी टोमणा नक्की मारला असता. मग दिवाणखान्यात तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं. कपाळभर विभूती, अंगावर शाल, डोक्याला तो तुमचा गुलाबी फेटा. डाव्या तळव्यावर लिंग. उजवा हात मांडीवर, शालीखाली. सगळा आडत बाजार आला होता, हमालांपासून मोठ्या गादीवाल्यांपर्यंत, सगळे हात जोडून. तुम्ही मधोमध बसला होता, सौदा सुरू व्हायच्या आधी बसायचात तसे. अक्का तुमच्या शेजारी. नांदेड सोडल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. रडलीही नव्हती. बायकांना त्याचीच जास्त काळजी लागली होती.

स्वामींनी मला खुणावलं, हार घाला. मी गुडघ्यावर बसलो, हार घातला. उठायचं तर उठवेना. इतक्या जवळ मी तुमच्यासमोर कधी रिकाम्या हातानं बसलो नव्हतो. शाल सरळ करायच्या निमित्तानं मी आत हात घातला. तुमचा हात सापडला. गार होता. मला पळून जावंसं वाटलं. पण सवय, दाजी. मी तुमची तीन बोटं धरली, तुम्ही धरली होतीत तशीच, आणि थांबलो. माझ्या भावावर तुमचा भाव येईपर्यंत थांबायची सवय. शाल माझ्या बाजूला हालली असणार. सगळा बाजार बघत होता, आणि मला दोन्ही भीती एकदम वाटत होत्या, की काही येणार नाही, आणि की येईल.

अक्का पुढं वाकली. तिची नजर शालीवर होती. भरल्या दिवाणखान्यात, स्वामींच्या मंत्राच्या मधोमध, ती खणखणीत आवाजात बोलून गेली,

“किती म्हणले रं?”